गोठ्यातली कोरडी हवा

न्याहारीच्या टेबलावरून कोर्बिनियन टालहामर तिसऱ्यांदा उठला, तेव्हा त्याच्या बायकोने, नोटबुर्गाने, लोण्याची सुरी खाली ठेवली.

“आता कुठे?”

“आलोच.”

“मघाशीही आलोच म्हणालास. अंडं गार झालं. बस की जरा एका जागी!”

“बसतोय ना, बुर्गी. नुसता काटा बघून येतो.”

काटा होता घरामागच्या गोठ्यात. गाई कधीच विकल्या गेल्या होत्या. आता तिथे मलईच्या रंगाची, उघड्या टपाची, दोन सीटांची एक जुनी स्पोर्ट्स कार हिवाळा काढत उभी होती. तिच्या आरशाला घड्याळासारखी एक तबकडी टांगलेली होती. हवेत ओल किती हे तिच्यावरचा काटा सांगे. पन्नासावर असला की कोर्बिनियनचा जीव भांड्यात पडे, आणि जरा पुढे सरकला की भांड्यातून बाहेर.

कोर्बिनियन गावच्या डेअरीत चीजमास्तर होता. तळघरातलं चीज सुकू नये म्हणून भिंतींवर पाणी मारण्यात त्याची हयात गेली. निवृत्तीनंतर त्याने हौसेने ही गाडी घेतली, आणि देवाने त्याच्या नशिबी नेमकी उलटी चाकरी लिहिली. साल्झबुर्गच्या डोंगरांतला हिवाळा म्हणजे आज बर्फ, उद्या पाऊस, परवा दोन्ही. गेल्या वसंतात त्याने मोठ्या उत्साहाने गाडीवरचं कव्हर ओढलं, तर कातडी सीटांवर बुरशी! निळसर-हिरवी, नाजूक, जातिवंत बुरशी. चीजवर असती तर तिला बक्षीस मिळालं असतं. शिवाय दारांच्या तळाला गंज. सीटा घासून, गंज खरवडून गाडी पुन्हा उभी केली खरी, पण बुर्गीने त्याच दिवशी निकाल दिला होता.

“अजून एक हिवाळा देते तुला. ईस्टर झाला की मी स्वतः दाराखालून बोट फिरवणार. बोटाला गंज लागला, की लिओपोल्ड येऊन गाडी घेऊन जाईल.”

लिओपोल्ड तिचा भाऊ. शहरात जुन्या गाड्या विकायचा. आणि बुर्गीचा शब्द म्हणजे चर्चची घंटा. एकदा वाजली ती वाजली.

म्हणून यंदा कोर्बिनियनने कंबर कसली होती. टायरांखाली फळ्या, सायलेन्सरच्या तोंडात फडकं, सीटांखाली ओल शोषणाऱ्या खड्यांच्या पुरचुंड्या, अंगावर सुती कव्हर, आणि कोपऱ्यात रात्रंदिवस घरघरणारं, हवेतली ओल ओढून बादलीत टाकणारं एक यंत्र. आत जाताना तो श्वाससुद्धा रोखून धरायचा. उच्छ्वासात वाफ असते, ती उगाच गाडीला का द्या?

रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे सामूहिक प्रार्थना, आटोपली की गावातले पुरुष खानावळीत आपल्या ठरलेल्या टेबलाशी बसत. तिथे शेजारचा इग्नात्स त्याला छेडल्यावाचून राहायचा नाही.

“काय रे कोर्बी, गोठा सारवून-पुसून तयार ठेवलायस म्हणे. नाताळ जवळ आला. बाळ जन्माला यायचंय का तिथे?”

टेबल खदखदलं. कोर्बिनियन चिडला, आणि माणूस चिडला की बढाई मारतो.

“हसा, हसा! माझ्या गोठ्यात जी हवा आहे ना, ती शहरातल्या वस्तुसंग्रहालयातसुद्धा मिळायची नाही. काटा पन्नासावर म्हणजे पन्नासावर! राजवाड्यातली चित्रं आणून लावा, एक टवका उडणार नाही.”

पलीकडच्या टेबलावर क्रेसेंझबाई एकट्या सूप पीत होत्या. त्यांनी चमचा थांबवला, कोर्बिनियनकडे पाहिलं, आणि पुन्हा सूप प्यायला लागल्या. नाताळाआधीच्या आगमनकाळात जेवताना बोलायचं नाही, हे त्यांचं लहानपणापासूनचं व्रत होतं.

गावातल्या निम्म्या लोकांना क्रेसेंझबाईंनीच धर्मशिक्षण दिलं होतं, त्यामुळे त्या सगळ्यांना अरे-तुरे करत आणि सगळे त्यांच्यापुढे उभे राहत. माउलीची जबाबदारीही त्यांच्याकडेच. नाताळाआधीच्या दिवसांत पवित्र मरियेची हातभर उंचीची जुनी लाकडी मूर्ती गावात घरोघर मुक्काम करते. रोज संध्याकाळी एका घरून निघायचं, गात गात दुसऱ्या घरी जायचं, जागा मागायची, जशी बाळंतपणाआधी मरियेने दारोदार मागितली आणि शेवटी गोठ्यात मिळाली. गेल्या वर्षी इग्नात्सच्या घरी माउलीला थंडी वाजू नये म्हणून त्याच्या आईने तिला शेगडीला चिकटून बसवलं. सकाळी माउलीच्या गालावर कपाळापासून हनुवटीपर्यंत चीर. शहरातल्या कारागिराने ती बुजवली आणि बजावलं, की फार कोरडी हवा नको, फार ओली नको, काटा पन्नासाच्या आसपासच हवा. तेव्हापासून क्रेसेंझबाईंच्या पर्समध्ये जपमाळेशेजारी एक छोटी तबकडी असे.

टालहामरांची पाळी आली त्या दिवशी बाई दुपारीच पाहणीला हजर झाल्या. बुर्गीने बैठकीची खोली लखलखीत केली होती, देवदाराच्या डहाळ्या लावल्या होत्या, शेगडी पेटवली होती. बाईंनी तबकडी काढून टेबलावर ठेवली. काटा डावीकडे घसरत गेला.

“इथे बसवली तर माउलीचा दुसरा गाल जाईल.”

“मग झोपायच्या खोलीत?” बुर्गी म्हणाली.

तिथल्या भिंतीला बोट लावून बाईंनी बोट पदराला पुसावं तसं झग्याला पुसलं. “इथे शेवाळ धरेल. चला, गोठ्यात चला.”

“गोठ्यात?” नवरा-बायको एकदमच म्हणाले.

“वस्तुसंग्रहालयात मिळणार नाही अशी हवा कुणाकडे आहे? रविवारी कोण सांगत होतं?”

“बाई, तुम्ही ऐकलंत होय?” कोर्बिनियनने विचारलं.

“न बोलण्याचं व्रत आहे माझं. न ऐकण्याचं नाही.”

गोठ्यात दोन्ही तबकड्या शेजारी शेजारी धरल्या. दोन्ही काटे पन्नासावर, जुळ्या बहिणींसारखे. एरवी अशा क्षणी कोर्बिनियनने टोपी हवेत उडवली असती. आज ती त्याने दोन्ही हातांनी डोक्यावर घट्ट दाबली.

“पण बाई, ही जनावरांची जागा…”

“पहिल्या खेपेलाही तीच होती,” क्रेसेंझबाई शांतपणे म्हणाल्या. “आणि ते काय झाकून ठेवलंयस मढ्यासारखं? काढ ते. माउली येणार आहे घरी.”

कव्हर निघालं. आता माउलीला बसवायचं कुठे? गाडीने गोठा असा भरला होता की टेबल आत येईना. जमिनीवर ठेवायची तर खालून ओल. बाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली, दार उघडलं, शेजारची सीट दाबून पाहिली.

“इथे.”

“गाडीत?” बुर्गीने हळूच क्रूसाची खूण केली.

“तेव्हा गाढवावर बसून गेली होती ना? मग आज गाडीत बसली तर काय बिघडलं? फक्त पट्टा बांध, कोर्बिनियन. मागच्या वर्षीचा गाल पुरे झाला.”

दुपार कलली आणि वारा फिरला. सकाळी कुरकुरीत असलेला बर्फ रबरबीत झाला आणि वरून पाऊस लागला. कोर्बिनियन दारातून गोठ्यात, गोठ्यातून दारात. बुर्गीने दोनदा त्याला खुर्चीत बसवलं आणि दोन्ही वेळा ती वळली तोवर खुर्ची रिकामी.

“किती जण येतील गं?”

“सगळेच. गोठ्यात माउली म्हटल्यावर कोण घरी बसेल? इग्नात्स तर पाहुण्यांनाही आणतोय.”

“आणि सगळे श्वास घेणार!”

“नाही तर काय करतील? वेडा आहेस का तू?”

अंधार पडता पडता वाटेवर मेणबत्त्यांचे ठिपके दिसायला लागले. रीत अशी, की बाहेरच्यांनी गाण्यातून जागा मागायची आणि घरधन्याने आतून गाण्यातूनच दोनदा नाही म्हणायचं. तिसऱ्या कडव्याला दार उघडायचं. कोर्बिनियनचा आवाज बेताचाच. पण त्या संध्याकाळी गोठ्याच्या दाराच्या फटीतून त्याला ओथंबलेल्या छत्र्या दिसल्या, पाणी प्यायलेले लोकरी कोट दिसले, बर्फाने लडबडलेले बूट दिसले, आणि “जागा नाही, जागा नाही, पुढल्या दारी जा” हे कडवं त्याने अशा काही पोटतिडकीने गायलं की बाहेर दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं खरंखुरं ‘नाही’ गावाने आजवर ऐकलं नव्हतं. दुसऱ्या ‘नाही’नंतर त्याने पहिलंच कडवं पुन्हा सुरू केलं.

“झालं, झालं,” बाहेरून क्रेसेंझबाईंचा आवाज आला. “आता उघड.”

दार उघडलं. गाव भिंतींना चिकटत, गाडीला खेटत आत शिरलं.

“पाय पुसा! छत्र्या बाहेर! जरा झटकून या!” कोर्बिनियन ओरडत होता, पण तिसरं कडवं जोरात चाललं होतं. माउली शेजारच्या सीटवर विराजमान झाली, पट्टा बांधला गेला, मेणबत्त्या लागल्या. तो मागे भिंतीशी सरकला आणि आरशाला टांगलेल्या काट्याकडे पाहत राहिला. पंचावन्न.

जपमाळ सुरू होणार, तोच क्रेसेंझबाई थबकल्या. “ही घरघर कसली? माउलीसमोर?” आणि त्यांनी वाकून यंत्राची पिन काढली.

कोर्बिनियनच्या घशातून एक बारीक आवाज निघाला. लोकांना वाटलं, भक्तीने गहिवरला.

“नमो मरिया, कृपापूर्णे…” माळ फिरू लागली. साठ. “आम्हा पाप्यांसाठी विनंती कर…” पासष्ट. तोंडाने तो प्रार्थना म्हणत होता, डोळे काट्यावर होते, आणि अधूनमधून तोंड आणि डोळे यांची गल्लत होऊन त्याची विनंती भलतीच होई. शेजारी इग्नात्सने भिजलेला कोट आरामात बॉनेटला टेकवला. कोर्बिनियनने त्याला कोपराने ढोसलं. इग्नात्सला वाटलं, आवाज वाढवायला सांगतोय. त्याने वाढवला. जितका मोठा आवाज, तितकी जास्त वाफ.

वारा यावा म्हणून कोर्बिनियनने हळूच दार उघडलं. बाहेरची पावसाळी हवा आयतीच वाट पाहत होती. सत्तर.

आणि मग बुर्गी सूप घेऊन आली. मुक्कामाच्या घराने आल्यागेल्याला खायला घालायचं, ही रीत. सगळे गोठ्यात, म्हणून शेवयांच्या सुपाचं भलं मोठं पातेलं तिने गोठ्यातच आणलं आणि झाकण उघडलं. वाफेचा असा लोट उठला की क्षणभर गाडी दिसेनाशी झाली. ती पुन्हा दिसली तेव्हा पुढची काच पांढरीफट्ट होती आणि मलईरंगी पत्र्यावर घामासारखे थेंब जमत होते. काट्याकडे पाहायचं धैर्य कोर्बिनियनला झालं नाही. त्याला बुर्गीचं बोट दिसत होतं, दाराखालून फिरणारं. गाडी ओढून नेणारी लिओपोल्डची दोरी दिसत होती.

“बघा!” कुणीतरी किंचाळलं. “बघा, बघा! माउली रडतेय!”

सगळे गर्रकन वळले. बाहेरच्या गारठ्यातून आलेल्या त्या रंगीत लाकडी गालावरून, बुजवलेल्या चिरेच्या शेजारून, एक थेंब हळूहळू खाली ओघळत होता. मग दुसरा.

गुडघे टेकल्याचे आवाज झाले. इग्नात्स तर हमसून हमसून रडायला लागला. “माझ्यामुळे! आमच्याच शेगडीनं तिचा गाल फाटला, म्हणून रडतेय ती!”

“फादरांना बोलवा!”

“खालच्या गावात फोन करा! सगळ्या खोऱ्याला कळू दे!”

सगळं खोरं! कोर्बिनियनच्या डोळ्यांपुढे बसगाड्या उभ्या राहिल्या, आणि प्रत्येक बसमधून ओल्या कोटांची रांगच्या रांग उतरून गोठ्यात श्वास घ्यायला येताना दिसली. पण इग्नात्सचा तो चेहरा पाहून त्याची जीभही रेटेना. भाबडेपणाने रडणाऱ्या माणसाला कसं सांगायचं? आणि न सांगावं, तर माउलीच्या नावावर खोटं खपतंय. एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर, दुसऱ्यावरचा पहिल्यावर असं त्याने दोन-तीनदा केलं, आणि मग त्याला आवरेना.

“रडत नाहीये ती! सुपाची वाफ आहे ती! गार वस्तूवर वाफ बसली की पाणी होतं. जन्मभर चीजच्या तळघरात हेच बघितलंय मी. बघा, गाडीपण रडतेय!”

बुर्गी पातेल्यामागे लालेलाल. आता बाई काय म्हणतात, म्हणून सगळ्यांनी श्वास रोखले. कोर्बिनियनला तेवढंच बरं वाटलं.

क्रेसेंझबाईंनी चष्मा लावला. माउलीजवळ गेल्या. थेंब बोटावर घेतला, मग काचेकडे पाहिलं, मग पातेल्याकडे.

“माउलीला रडायला या जगात कारणं पुष्कळ आहेत,” त्या म्हणाल्या. “पण शेवयांचं सूप हे त्यातलं नाही. ऊठ इग्नात्स, नाक पूस. आणि सगळे असे बघत काय बसलात? ओलीनं रंग सुटेल तिचा! सूप बाहेर! कोट बाहेर, लाकडांच्या पडवीत टांगा! दार लाव! कोर्बिनियन, ते यंत्र सुरू कर.”

“पण बाई, घरघर…”

“घरघरू दे. त्या रात्री गाईसुद्धा हंबरल्याच असतील की.”

कोर्बिनियनने गाडी पुसायची दोन मऊ कातडी काढली. एक बाईंना दिलं. त्या माउलीचं मुख टिपू लागल्या, तो पत्रा टिपू लागला. यंत्राच्या घरघरीच्या तालावर गावाने उरलेली माळ म्हटली, नुसत्या स्वेटरवर, कुडकुडत, त्यामुळे जरा झपाझपच.

दुसऱ्या संध्याकाळी माउलीने पुढच्या घरी जायचं होतं. पण बाई तबकडी घेऊन गावभर फिरल्या आणि प्रत्येक शेगडीपाशी मान हलवून परत आल्या. माउली फेब्रुवारीपर्यंत गोठ्यातच राहणार असं ठरलं. पाळी हुकली म्हणून कुरकुर झाली, तर बाईंनी प्रत्येक घराला काट्याजवळ बसायची पाळी लावून दिली. बादली भरली की ओतायची, पुरचुंड्या शेगडीवर वाळवून परत ठेवायच्या, गाणं दोन कडव्यांपुरतं, सूप घरच्या स्वयंपाकघरात. गाडीची इतकी बडदास्त कोर्बिनियनने स्वप्नातही पाहिली नव्हती. तो खुशीत दर थोड्या वेळाने डोकवायला लागला.

तिसऱ्या दिवशी क्रेसेंझबाईंनी त्याला दारातच अडवलं.

“आज कितव्यांदा?”

“बाई, नुसता काटा…”

“तू दार उघडलंस की काटा चढतो. तू गेलास की तासाभराने उतरतो. दोन दिवस बघतेय मी.” त्यांनी माळेचा मणी पुढे सरकवला. “गेल्या वर्षी तुझी गाडी बुरशीनं नाही खाल्ली, बाळा. तुझ्या येरझाऱ्यांनी खाल्ली. देवावर सोडावं माणसानं थोडं. किल्ली दे.”

“माझ्याच गोठ्याची?”

“दे.”

त्याने दिली. संध्याकाळच्या प्रार्थनेला सगळ्यांबरोबर एकदा आत, बाकी बंदी. नाताळ गेला, फेब्रुवारीत मेणबत्त्यांच्या सणाला माउली परत चर्चमध्ये गेली. किल्ली मागायला कोर्बिनियन बाईंकडे गेला, तर ती त्यांनी आधीच बुर्गीला दिलेली, आणि बुर्गी म्हणाली, “ईस्टर होऊ दे.” पुढचे आठवडे त्याने कसे काढले ते त्यालाच ठाऊक. स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा राहून तो गोठ्याच्या भिंतीकडे असा बघे, जणू तिच्याआड त्याची मुलगी बाळंत होत होती.

ईस्टरचा सोमवार उजाडला. बुर्गीने दार उघडलं, कव्हर ओढलं, गुडघ्यांवर बसली आणि एका दाराखालून बोट फिरवलं. मग दुसऱ्या. मग सीटांच्या शिवणींतून. कोर्बिनियन डोळे मिटून भिंतीला टेकला होता.

“कोर्बी.”

“हं.”

“बोट बघ.”

त्याने एक डोळा उघडला. बोट स्वच्छ होतं. चर्चमध्ये जाताना करतात तितकं स्वच्छ.

“लिओपोल्डला कळवते, येऊ नको म्हणून,” बुर्गी म्हणाली, आणि त्या मोठ्या माणसाने सुती कव्हरात तोंड खुपसलं. “पण हे आपलं कर्तृत्व नाही हं. येत्या रविवारी गाड्यांना आशीर्वाद देणार आहेत फादर. आपण नेऊ. आभार मानायला हवेत.”

रविवारी चर्चच्या अंगणात ट्रॅक्टर, मोटरसायकली, अग्निशमनाचा बंब यांच्या रांगेत ती मलईरंगी गाडी टप उघडून उभी राहिली. ऊन पडलं होतं, आभाळात ढग नावाला नव्हता. कोर्बिनियन स्टिअरिंगच्या चक्राशी बसला होता, बुर्गी माउलीच्या सीटवर. फादर झेवेरिन आडदांड शेतकरी घरातले. आशीर्वाद देताना हात आखडता घेणं त्यांना माहीत नव्हतं. ट्रॅक्टरवर त्यांनी पवित्र पाणी एकदा शिंपडलं. बंबावर एकदा. या गाडीशी आल्यावर थांबले.

“हीच ना ती? माउली राहिली होती ती?”

“हीच,” मागून क्रेसेंझबाई म्हणाल्या. “हिला चांगलं द्या, फादर.”

फादरांनी कुंचला बादलीत पार मुठीपर्यंत बुडवला. पहिल्या फटकाऱ्यात बॉनेट आणि काच न्हाली. दुसऱ्यात कातडी सीटा, समोरच्या तबकड्या, चक्र आणि कोर्बिनियनची मांडी. तिसरा पाठीमागून आला आणि सीटांमागच्या त्या कोपऱ्यात साचला, जिथे त्याने सगळा हिवाळा पुरचुंडी ठेवली होती. त्याचा हात आपोआप खिशात गेला, रुमाल बाहेर आला.

“पुसतोस?” क्रेसेंझबाईंनी विचारलं.

कोर्बिनियनने रुमालाकडे पाहिलं. सीटवरच्या पाण्याकडे पाहिलं. बाईंकडे पाहिलं.

“छे हो, बाई. नाक शिंकरायचं होतं.” आणि त्याने शिंकरलं.

दोघं घरी आली. गाडी गोठ्यात गेली. बुर्गीने किल्ली फिरवून ॲप्रनच्या खिशात टाकली आणि अंडी उकडली. कोर्बिनियन टेबलाशी आला, गोठ्याच्या दिशेने एक नजर टाकली, आणि खुर्चीवर बसला. पँट चांगलीच ओली होती. तरी या खेपेला तो उठला नाही.